मागचा हात

रोलरच्या लोकरीला लोंबणारा तो पांढरा थेंब... डोळे मिटा मुलांनो, म्हणजे दिसेल. पडेन पडेन म्हणतो आणि पडत नाही. लाकडी घोडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभा एक माणूस त्याच्याकडे पाहतो आहे. नव्या भिंतीच्या बोर्डांवर तो लांबी लावतो आहे. म्हणजे सांधे झाकणारा, दह्यासारखा घट्ट लेप. घर त्याचंच. गेल्या आठवड्यापर्यंत ही खोली सलग होती. आता मधोमध भिंत आहे आणि पलीकडे त्याचा धाकटा भाऊ.

"बाबा, लांबी लावली की खोली लांब होते?" लेकीने खालून विचारलं होतं.

"तसं असतं तर काय हवं होतं," तो म्हणाला, आणि रोलर पुन्हा बादलीत बुडवला.

हे काम खरं दोघांचं. धाकट्याने रोलर फिरवत पुढे जायचं आणि ओल आहे तोवर थोरल्याने रुंद पातं ओढत मागून यायचं — पुढचा हात, मागचा हात. वर्षानुवर्षं, न बोलता, एकाच्या श्वासावर दुसऱ्याचं पाऊल... आणि मग एका घरमालकाने भिंतीवरून तळवा फिरवत "काच आहे, काच" म्हटलं. जिभेला हाड नसतं ते असं. "रोलर काय, कोणीही फिरवतो," थोरला बोलून गेला, "काम दिसतं ते मागच्या हातामुळे." थट्टेत म्हटलं होतं. थट्टेतच ना? धाकटा हसला नाही. त्याने बादली धुतली, पुसली, उलटी ठेवली. "मग फिरव, दादा," म्हणाला, आणि वेगळा झाला.

फिरवतो आहे. वरचं लावून होईतो खालचं सुकतं. घोडीवरून उतरून पातं ओढावं तर सालपटं निघतात, पुन्हा लावावं तर दाणे उठतात... कोणीही फिरवतो म्हणे. त्या कोणीहीमध्ये मी नाही, एवढं तरी तेव्हा कळायला हवं होतं. जाऊन सांगावं? त्याचं दार शेजारीच आहे. पण काय सांगावं, आणि कोणत्या तोंडाने — म्हणून तो पुन्हा वर चढतो, हे सगळं सुकणार हे ठाऊक असूनही.

लेकीने भिंतीला कान लावला. ओल्या भिंतीला.

"अगं —"

"गप्प ना बाबा. काकापण लावतोय."

त्याने हात थांबवला. चर्र... चर्र... लांब, एकाच दाबाचा हात. झोपेतही ओळखला असता.

"नुसता रोलरच ऐकू येतो," ती म्हणाली. तिचा कान पांढराफटक झाला होता. "मागचं खर्र येतच नाही. पातं आपल्याकडेच राहिलंय ना?"

"हो."

"मग त्याचं सुकेल की."

बापासमोर त्याचीही भिंत सुकत होती. तिच्यावर एक इवलासा कान उमटला होता, आणि तो पुसायला हात उचलवत नव्हता.

तिने बादलीवरचं पातं उचललं, फ्रॉकला पुसलं आणि दाराबाहेर गेली. आपलं सुकतंय गं, असं त्याच्या ओठांवर आलं. मग वाटलं, सुकू दे... मग तेही वाटेनासं झालं. पलीकडचा रोलर थांबला. कोणी काही बोललं, पण बोर्डातून शब्द येत नव्हते, नुसता आवाज. तो घोडीवरच राहिला, रोलर हातात, उतरावं की नाही ते न कळून.

आणि मग पलीकडून, नेमकी त्या कानाच्या ठशामागून, लेकीने दोनदा टकटक केली.