चौथ्या दिवशी उघडलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, मधमाश्या पाळायची.

दवाखान्यातल्या मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवलं, तिथल्या नर्सबाईंसाठी. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांच्या गच्चीवर माश्यांनी भरलेली एक पेटी आधीच होती. मी दुसरी. वर्षभर रिकामीच होते.

मग एका सकाळी दवाखान्याच्या खिडकीला माश्यांचा थवा येऊन लटकला. वॉचमन रॉकेलचा बोळा घेऊन धावला. सिस्टर आडव्या आल्या.

"थांबा हो! त्या घर शोधताहेत, तुमच्याशी भांडायला नाही आल्या."

त्यांनी थव्याखाली कापडी पिशवी धरली आणि पिसाने हळूहळू माश्या आत लोटल्या. तिन्हीसांजेला ती पिशवी माझ्या आत ओळीने बसवलेल्या लाकडी चौकटींवर रिकामी केली. माझ्या अंगभर सळसळ झाली. तो आनंद मला अजून सांगता येत नाही.

सिस्टरनी भरल्या पेटीतली एक चौकट काढून माझ्यात बसवली. तिच्यात अळ्या होत्या, थोडा मध होता. पोरं दिसली की माश्यांचा पाय निघत नाही, असं त्या म्हणायच्या. दाराला त्यांनी बारीक जाळी लावली. तिच्यातून कामकरी माश्या ये-जा करत, पण अंगाने मोठी राणी बाहेर पडू शकत नसे. राणी थांबली की सगळा थवा थांबतो.

दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना परगावी जावं लागलं. धाकट्या भावाला त्यांनी बजावलं, "आठ दिवस झाकण उघडायचं नाही. दारापुढच्या वाटीत साखरेचं पाणी घालायचं, बस्स."

"अगं ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" भाऊ हसला.

चौथ्या दिवशी त्याचे मित्र आले. "या, आमचा कारखाना बघा!" म्हणत त्याने झाकण काढलं. कुणीतरी सिगरेटचा धूर आत सोडला. भावाने चाकूने मधाचा तुकडा कापला, त्यात अळ्याही चिरडल्या. फोटोत दार नीट दिसावं म्हणून जाळी उपटली. ती परत लावायची राहिलीच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच राणी निघाली. तिच्यामागे सगळ्या. मी क्षणात हलकी झाले. थवा शेजारच्या इमारतीच्या टाकीखाली बसला. तिथल्या लोकांनी औषध फवारलं. दुपारपर्यंत आमच्या गच्चीवरही मेलेल्या माश्या पडत होत्या. भावाने त्या झाडून टाकल्या.

सिस्टर परतल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुझ्या माश्याच चंचल निघाल्या."

त्यांनी कापलेली चौकट उचलली. "चाकू कुणी लावला?"

"एवढासा तर मध होता गं! जिभेलासुद्धा पुरला नाही."

सिस्टरनी चौकट खाली ठेवली. भरलेली पेटी त्यांनी एका मैत्रिणीला देऊन टाकली. मला जिन्याखाली ठेवलं. आता माझ्यात घरातल्या जुन्या चपला असतात. पाहुणे आले की भाऊ माझ्यावर थाप मारून सांगतो, "आम्ही एकेकाळी मधमाश्या पाळायचो." पाहुणे कौतुक करतात.

मित्रांनो, नव्याने आलेल्याला जरा रुळू द्या. त्याच्या घरात सारखं डोकावू नका. माझ्या आतल्या फळीला बोटभर पांढरं मेण चिकटलेलं आहे. चार दिवसांत त्यांचं तेवढंच बांधून झालं होतं.