पाच किलोच्या आत

“बर्फ उचलायचा नसतो पोरी, ढकलायचा असतो,” शेजारच्या वॉम्बोल्ट आजोबांनी कुंपणावरून सांगितलं होतं. मी हसून मान डोलावली आणि फावडंभर ओला बर्फ खांद्यावरून मागे भिरकावला. तो कुठे पडला ते मला कळलं नाही. मी कुठे पडले ते मात्र सगळ्या गल्लीला कळलं.

कंबर गेली ती गेलीच. आधी अंथरूण, मग भिंत धरून चालणं. लायब्ररीतून रजा, आणि विमा कंपनीकडून पगाराचा थोडा भाग. वसंतात कंपनीच्या प्रिसिलाबाईंचा फोन आला. आता एकदम नाही, हळूहळू कामावर जायचं. आधी दोन तास, मग तीन, मग अर्धा दिवस. आणि पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.

“आमची वर्षाची लेक, मेसी, तीच नऊ किलोची आहे,” मी म्हटलं.

पलीकडून उत्तर आलं, “तुम्ही खाली बसा. ती आपणहून चढेल.”

मग मुद्द्याची गोष्ट. महिनाअखेर लायब्ररीने कळवायचं, मला माझं काम झेपतंय का. नाही झेपलं तर मुलांच्या गोष्टींचा तास दुसऱ्या कुणाकडे, आणि मी तळघरात फोन घेत बसायचं. त्या तासासाठीच तर मी ती नोकरी धरली होती. ती रात्र मी छताकडे बघत काढली.

पण आमच्या गावात आजारी माणसाला कुणी ‘कशी आहेस’ विचारत नाही. हातातलं काम काढून घेतात, मागच्या दारात ‘फिश पाय’, म्हणजे कणकेत मासे भरून भाजलेलं भांडंभर खाणं, ठेवून जातात. नको म्हणणं हे आजारापेक्षा मोठं पाप. आणि लायब्ररीत होती व्हर्ना झ्विकर. पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर तिचं निम्मं आयुष्य गेलंय. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या बोटीवरचा मासे तोलायचा काटा आणून खुंटीला टांगला.

“अगं ए, ठेव ते खाली!”

“व्हर्ना, चित्रांचं पुस्तक आहे. सगळी मिळून वीस पानं.”

“पुठ्ठा बघ की केवढा जाड आहे!” पुस्तक गेलं काट्यावर. पुस्तकाला हॅडॉक माशाचा वास लागला आणि ते मला मिळालं नाही ते नाहीच. पिशव्या, खोकी, किटली, सगळं व्हर्नाच उचलायची. मी खुर्चीत बसून चहा प्यायचे आणि वेळ झाली की ती मला कोट चढवून घरी हाकलायची.

काही दिवसांनी आमचे साहेब, कॉर्कम, समोर येऊन बसले. सज्जन माणूस, खोटं बोलायची वेळ आली की त्यांना शिंका येतात.

“प्रिसिलाबाईंना कळवायचंय. तू आल्यापासून नेमकं काय केलंस?”

मी बरंच आठवून पाहिलं. “चहा प्याले.”

“केला कुणी?”

“व्हर्नाने.”

त्यांना शिंक आली नाही, म्हणजे ते खरं तेच कळवणार होते. “गुरुवारी गोष्टींचा तास तू घे. मी मागे बसतो.”

गुरुवारी पोरं गालिच्यावर बसली आणि व्हर्ना पुस्तकांच्या टोपलीकडे निघाली.

“हात लावलास तर मी रडेन,” मी हळूच म्हटलं. “या सगळ्या पोरांदेखत.”

ती थबकली. मी एकेक पुस्तक काढलं, वाचलं. अस्वलाची गोष्ट आली तेव्हा सवयीने चार पायांवर उतरले. अस्वल मरतं आणि मग उठतं, अशी ती गोष्ट. मेले झकास. उठायची वेळ आली आणि कंबर म्हणाली, थांब.

“अस्वला, ऊठ ना!” पोरं ओरडली. व्हर्नाने तोंडावर हात धरला. मी कपाटाची फळी धरली, एक गुडघा, मग दुसरा. उठले. एकटीच.

“झेपतंय म्हणून कळवतो,” साहेब म्हणाले. “जरा सावकाश उठलीस, पण अस्वलं तशीच उठतात.” शिंक नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नानेही, पण डाव्या हाताने, मांडीवर. झोपेतल्या मेसीचा श्वास मोजणारी बाई मी. असलं माझ्या नजरेतून सुटत नाही. किटलीही ती डाव्याच हाताने धरत होती.

“उजव्याला काय झालंय?”

“म्हातारा झालाय.”

“डॉक्टरला दाखवलास?”

“त्याला रजेवर बसवलं तर तुझं कोण उचलणार?”

“मीच!”

“पाच किलोपर्यंत,” ती म्हणाली आणि खोकं उचलायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोनवर म्हणे, मी ठणठणीत आहे. मी तिच्या घरी गेले तर पडद्याआडून आवाज आला, “हातात काही जड असेल तर दार उघडणार नाही!” हातात फिश पाय होता, भांड्यासकट. दार उघडलं नाही.

तेव्हा तुमची कंबर धड असेल तर एवढं करा. धक्क्याच्या रस्त्याला शेवटचं पिवळं घर. मागच्या दाराने जा, पुढचं इथे कुणी उघडत नाही. कशी आहेस, असं विचारू नका. हातातलं लाकूड काढून घ्या, चुलीत घाला, आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जातो का ते बघा. मग मला कळवा. तिला कळू देऊ नका.