ॲप्रनचा उजवा खिसा

१९९६ सालची ही गोष्ट. त्या वर्षीच्या जानेवारीपासून टेक्सासमध्ये साध्या माणसांनाही परवाना काढून पिस्तूल लपवून बाळगायची मुभा मिळाली होती. आमच्या बॅरट स्प्रिंग्जमध्ये चर्चच्या जेवणावळीतसुद्धा बायका बटाट्याच्या सॅलडबरोबर तेवढंच बोलत. मी ऐकून घ्यायची. माझा नवरा हरणांची शिकार करायचा, त्याच्या बंदुका कपाटात होत्या. खिशात बाळगायची वस्तू म्हणून मी पिस्तुलाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये दुकानातला फोन वाजला. ड्वेन होता. माझ्या मुलीचा, नेलचा, घटस्फोटित नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याने नेलचा जबडा मोडला होता आणि त्यासाठी तो तुरुंगात गेला होता.

"सुटलो मी, मिस व्हर्लीन," तो अगदी आदराने म्हणाला. "नेलला सांगा, माझं जे आहे ते न्यायला येतोय."

त्याचं जे होतं ते म्हणजे सहा वर्षांची डार्सी. शाळेची बस तिला रोज तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या दुकानापाशी सोडायची. नेल वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून चारनंतर यायची. मधली चाळीस मिनिटं ती पोर आणि मी, दोघीच. कोर्टाचा मनाईहुकूम होता, पण शेरीफच्या माणसाने मला खरं ते सांगितलं, "बोलावलंत तर येऊ, मॅम. पण आमची गाडी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असली तर अर्धा तास धरून चाला."

त्या रात्रीपासून मला धड झोप लागली नाही. दुकानाच्या दाराची घंटा वाजली की कात्री हातातून निसटायची.

माझं दुकान अल्टरेशनचं. जीन्स तोकड्या करायच्या, लग्नाचे झगे सैल करायचे, फुटबॉलच्या पोरांच्या जाकिटांवर शाळेचं अक्षर शिवायचं. अंगावर कायम दोन खिशांचा ॲप्रन. उजव्या खिशात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पेपरमिंट. गावातलं कुठलंही मूल आईबरोबर आलं की माझ्या उजव्या बाजूला येऊन हात पसरायचं. त्या मुलांच्या आयांनीही लहानपणी तेच केलं होतं. मला मीमॉ, म्हणजे आजी, म्हणणाऱ्या डार्सीला तर हात पसरायचीही गरज नव्हती. सबंध गावात ती एकटीच थेट खिशात हात घालायची.

हॉइट पिट्सच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर होतं. मी गेले तेव्हा तो खुलला.

"तुमच्यासाठी काढूनच ठेवलंय बघा, मिस व्हर्लीन." त्याने मोत्यासारख्या मुठीचं इवलंसं पिस्तूल मखमलीवर ठेवलं. "बायकांचं खास. पावडरच्या डबीएवढं. खिशात आहे हे तुम्हालासुद्धा कळायचं नाही."

"मला कळायला हवंय, हॉइट."

माझ्याबरोबर ओलीटा आली होती. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि परवान्याचा वर्ग तीच घ्यायची. ती म्हणाली, "अगं, आधी वरचा भाग मागे ओढून बघ. गोळी नळीत जायला तो ओढावा लागतो."

मी ओढला. हलला नाही. चाळीस वर्षं कात्री धरून माझ्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले. दुसऱ्यांदा दात आवळून ओढला, अर्ध्यावरून सटकला आणि कातडी सोलली.

"पिस्तूल जितकं छोटं तितकी स्प्रिंग ताठ," ओलीटा हॉइटकडे बघत म्हणाली. "पण हे महाशय दर म्हातारीला सगळ्यात छोटंच विकतात. दिसतं ना गोंडस!"

"म्हातारी कुणाला म्हणतेस?" मी म्हणाले.

"तुला. मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे."

शेवटी तिने आखूड नळीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर काढायला लावलं. मागे गोळीवर आपटणारा घोडा उघडा नव्हता, त्यामुळे कापडात अडकायची भीती नाही. ओढायचं काही नाही, फक्त चाप, आणि तोही चांगला घट्ट. भरल्यावर साखरेच्या छोट्या पुड्याएवढं जड. मी ते ॲप्रनच्या खिशात टाकून बघितलं तर खांद्यावरचा पट्टा एका बाजूला खेचला गेला.

"दोन नियम," ओलीटा म्हणाली. "चाप झाकणाऱ्या चामड्याच्या म्यानाशिवाय खिशात ठेवायचं नाही. आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, तुझे ते पेपरमिंट तर मुळीच नाहीत."

घरी येऊन मी उजवा खिसा उसवला. आतून जुन्या जीन्सचा दुहेरी थर लावला, म्यान हलू नये म्हणून तळाशी दोन टाके घातले. पेपरमिंट डाव्या खिशात गेले. काम चोख झालं होतं.

पण मी पोरांना काही सांगितलं नाही. डार्सीलाही नाही. तिला काय सांगणार होते? तुझ्या बापासाठी आणलंय म्हणून? नऊ दिवस ते माझ्या खिशात होतं. ते नऊ दिवस डार्सी बसमधून उतरली की मी डावी बाजू पुढे करायची, तिचा हात वळायच्या आत तिच्या तळव्यावर पेपरमिंट ठेवायची. नेल येईपर्यंत माझी पाठ घामाने भिजलेली असायची. कुणाच्या भीतीने, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी साडेतीन वाजता घंटा वाजली आणि ड्वेन आत आला.

तो वाळला होता. केस अगदी बारीक कापलेले. डार्सी माझ्या मशीनमागे जमिनीवर बसून बटणांच्या डब्याशी खेळत होती. मी उजवा हात खिशात घातला आणि म्यानावर मूठ आवळली.

"कोर्टाचा हुकूम ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, मॅम." तो काउंटरला रेलला. त्याच्या तोंडाला बिअरचा वास होता. "नुसती बघायला आलोय. बघू पण नको का?"

"नको."

"बरं. मग पेपरमिंट तरी? मी एवढासा असल्यापासून देत आलात."

हे खरंच होतं. त्याची आई त्याच्या चड्ड्या माझ्याकडेच आणायची. मी डाव्या हाताने डाव्या खिशातलं पेपरमिंट काढून काउंटरवर ठेवलं. कागद चुरचुरला. ड्वेनने त्याला हात लावला नाही. तो माझ्या उजव्या खिशाकडे बघत होता. तो खाली ओढला गेला होता आणि त्यातून कसलाच आवाज येत नव्हता.

"खिसा बदललात," तो हळूच म्हणाला.

चुरचुर ऐकून डार्सी उठली होती. ती माझ्या उजव्या बाजूला आली आणि नेहमीसारखा तिने खिशात हात घातला.

माझा हात आतच होता. तिची बोटं माझ्या बोटांवर आली, त्यांच्या फटीतून खाली सरकली, शोधायला लागली. म्यान घट्ट होतं, टाके पक्के होते, चाप झाकलेला होता. हे सगळं मला माहीत होतं, मीच शिवलं होतं. तरी मला हात काढता येईना, हलवता येईना, आवाजही फुटेना. हात काढला तर ती एकटी त्या रिव्हॉल्वरपाशी राहील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ड्वेनचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे पोरं बंदुकांच्या घरातच वाढतात, त्याला काही सांगायला लागलं नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि काउंटरपासून एक पाऊल मागे झाला.

"डार्स," तो म्हणाला, "मीमॉच्या खिशातून हात काढ, बाळा. हळू. तसाच उघडा. हं."

तिने हात काढला. रिकामा होता.

"पेपरमिंट नाहीये, मीमॉ," ती म्हणाली.

"आता मशीनमागे जा," ड्वेन म्हणाला. ती गेली. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला एवढं भय वाटतं माझं?"

"हो," मी म्हणाले. "नेलचा जबडा आठव."

तो हात तसेच वर धरून मागे मागे दारापर्यंत गेला, पाठीनेच दार ढकललं. त्याची गाडी हायवेच्या दिशेने गेली. काउंटरवरचं पेपरमिंट तिथेच होतं.

नेल आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि माझ्या ॲप्रनकडे बघत म्हणाली, "आई, मी दिवसभर त्याच्या भीतीने मरत होते. आणि आता तुझ्या खिशाच्याही?" दुसऱ्या दिवशी ओलीटा आली. आम्ही रिव्हॉल्वर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि ते काय असतं, कशासाठी आणलंय, हे डार्सीला समोर बसवून सांगितलं. त्यानंतर माझ्या खिशात कुणाही मुलाचा हात गेला नाही. पेपरमिंट काउंटरवरच्या बरणीत गेले. मुलं बरणीतून घ्यायची, पण माझ्याजवळ यायची नाहीत. रिव्हॉल्वर मी आणखी तीन वर्षं बाळगलं.

हॉइटने २००३ साली दुकान विकलं आणि मुलाकडे डॅलसला गेला. शेवटपर्यंत तो म्हाताऱ्यांना मोत्याच्या मुठी विकत होता. ओलीटा २००९ साली गेली, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान असूनही. नेलने शाळेच्या बसच्या ड्रायव्हरशी लग्न केलं. तो अबोल आहे, भांडी घासतो, आणि तिला आता दाराचा आवाज झाला तरी दचकायला होत नाही. ड्वेन न्यू मेक्सिकोत तेलाच्या विहिरींवर कामाला लागला, परत कधी आला नाही. दर नाताळला डार्सीच्या नावे एक कार्ड यायचं, खाली फक्त सही. २०१४ साली त्याचं यकृत निकामी झालं, त्यानंतर कार्ड थांबलं.

डार्सी आता चौतीस वर्षांची आहे. काउंटीच्या रस्त्यांची मोजणी करत एकटी फिरते. मागच्या वर्षी तिने माझं रिव्हॉल्वर मागितलं. मी दिलं, आणि तिच्या जाकिटाला खिसाही शिवून दिला. शिवताना तिला विचारलं, त्या दिवसाचं काही आठवतं का. पिस्तूल आठवत नाही म्हणाली, मी तिथे होते हेही आठवत नाही. बापाचा आवाज म्हणून तिच्यापाशी तेवढी दोन वाक्यं आहेत: हात काढ, बाळा. हळू.