कुत्र्याला सांगितलेल्या गोष्टी

माझ्या मुलानं, डेलनं, यंदा मला तोंड बंद ठेवायला सांगितलं. मला! ऑर्विन त्वेटला! न विचारता सल्ला देणारा म्हणून अख्ख्या काउंटीत ज्याचं नाव आहे, त्याला. लोक दुकानात मला पाहून दुसऱ्या रांगेत वळतात, इतकं माझं ज्ञान मोठं आहे.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात मी बर्फावरून घसरून आपटलो आणि माझा खुबा मोडला. डॉक्टरनं आत लोखंड घातलं आणि सांगितलं, आता वाकायचं नाही. आमच्या मोंटानात मेंढ्या व्यायला येतात त्या मार्चमध्ये, ऐन बर्फात. मेंढी अडली तर गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घालावा लागतो. जो वाकत नाही त्यानं मेंढ्या पाळू नयेत, हे मीच जन्मभर लोकांना ऐकवत आलोय. डेल गव्हाचा माणूस. मेंढ्यांवर त्याचा कधीच जीव नव्हता. जेवताना तो सरळ म्हणाला, "ऑक्टोबरात सगळ्या विकून टाकू, बाबा."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. पण बोलणार काय? खुबा माझा, शेत आता त्याचं.

तेवढ्यात माझी नात सोल्वे, पंधरा वर्षांची, बटाट्यांचं भांडं माझ्याकडं सरकवत म्हणाली, "विकायच्या कशाला? मी बघते."

"तू?" डेल हसला. "तुला सकाळी उठवायला अख्खं घर लागतं."

"मेंढ्या ओरडल्या की मी उठते. ओरडता तुम्हीपण, डॅड, पण तुमच्यासाठी उठावंसं वाटत नाही."

सून खाली मान घालून हसली. मी तर उघडच हसलो. डेल मात्र हसायचा थांबला. "बरं," तो म्हणाला. "ऑगस्टच्या जत्रेसाठी कोकरू वाढव. खाणं, औषध, शिकवणं, रिंगणात उभं करणं, आणि शेवटच्या दिवशी ट्रकमध्ये चढवणं. सगळं एकटीनं. शेवटपर्यंत निभावलंस तर मेंढ्या राहतील. एकदा जरी मला किंवा आजोबांना हाक मारलीस, तर विकल्या म्हणून समज." मग माझ्याकडं वळला. "आणि बाबा, तुम्ही हिला एक अक्षर सांगायचं नाही."

अट कुठं रुतणार ते मला तेव्हाच कळलं. आमच्या जत्रेत पोरांनी नेलेलं कोकरू घरी परत येत नाही. शेवटी लिलाव, मग कत्तलखान्याचा ट्रक. हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतं, तरी दर साली निम्मी पोरं ट्रकपाशी आईच्या कुशीत तोंड खुपसतात आणि कोकरू बाप चढवतो. डेलचं पहिलं कोकरू मी चढवलं होतं. तो पिकअपमध्ये काच वर करून बसला होता. त्याला ते आठवतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

सोल्वेनं दोन कोकरं निवडली. एक आमच्या सगळ्यात दांडग्या मेंढीचं, रुंद पाठीचं, मांड्या भरलेलं. दुसरं म्हणजे निव्वळ वेडेपणा. एका मेंढीला तिळं झालं, तिनं तिसऱ्याला ढुशी मारून बाहेर काढलं. सोल्वेला ते बर्फात कडक झालेलं सापडलं. तिनं ते न्हाणीतल्या टबात गरम पाण्यात धरलं, बाटलीनं चीक पाजला, आणि ते जगलं. नाव ठेवलं बटाट्या. पोट सुटलेलं, पाय काटकुळे, नाव अगदी शोभून दिसत होतं. मे महिन्यात पोरांच्या शेतकी क्लबात जत्रेच्या कोकरांची वजनं होऊन कानात बिल्ले मारले जातात. त्यानंतर नवं कोकरू चालत नाही. सोल्वेनं बटाट्याच्याही कानात बिल्ला मारून घेतला, तेव्हा वजन करणारा माणूस म्हणाला, "हे काय, सुपासाठी?"

जूनमध्ये तिनं मक्याच्या पेटीची कडी नीट लावली नाही. दांडग्या कोकरानं रातभर मका चापला आणि सकाळी ते पोट फुगून, चारी पाय ताठ करून पडलेलं. सोल्वे त्याच्याशेजारी गवतावर बसून राहिली. रडली नाही, पण ओठ पांढरे पडले होते.

डेल दारात आला. "संपलं?" त्यानं विचारलं. दुष्टपणानं नाही, खरंच विचारलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

"कोण, तो बटाटा?"

"बिल्ला आहे त्याच्या कानात."

माझी अवस्था म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग मला टिप आठवला. टिप म्हणजे आमचा कुत्रा, मेंढ्या वळायचं काम करून म्हातारा झालेला. मी गोठ्याबाहेर बाकावर बसलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "टिप, लेका, पेटीची कडी मेंढरं नाकानं उघडतात बरं का. कडीत खिळा अडकवावा लागतो." टिपनं शेपटी हलवली. दुसऱ्या दिवशी कडीत खिळा होता. लेकी बोले सुने लागे!

काही दिवस असे सुखात गेले. टिपला मी जंतांच्या औषधाबद्दल सांगितलं, खुरं कापण्याबद्दल सांगितलं, उन्हात पाणी कुठं ठेवावं ते सांगितलं. एवढा शिकलेला कुत्रा मोंटानात दुसरा नसेल. पण एकदा वळलो तर मागं डेल उभा.

"बाबा, कुत्र्याशी बोलताय?"

"म्हाताऱ्या माणसानं कुणाशीतरी बोलायचंच की."

"कुत्र्याशीपण नाही," तो म्हणाला. "मेंढ्यांबद्दल तर नाहीच नाही."

झालं! तोही दरवाजा बंद.

आणि नेमकी तेव्हाच खरी पंचाईत सुरू झाली. रिंगणात कोकराला दावं नसतं. पोरानं त्याची हनुवटी हातात धरायची, गुडघा छातीला लावायचा, आणि कोकरानं उलट त्या गुडघ्यावर जोर द्यायचा. जोर दिला की पाठ आणि मांड्या दगडासारख्या होतात, आणि पंच हातानं तेच चाचपतो. आता साधं कोकरू माणसाला भितं, म्हणून ते ढकलतं. बाटलीवर वाढलेलं कोकरू कशाला ढकलेल? त्याला वाटतं, ही माझी आई. सोल्वेनं गुडघा लावला की बटाट्या तिच्या पँटचं कापड तोंडात घेऊन चोखायला लागायचा.

तिनं त्याला उतारावर उभं केलं. तो चोखत राहिला. फळीवर उभं केलं. तो टेकून झोपला, शप्पथ, उभ्या उभ्या झोपला. रोज संध्याकाळी मी बाकावर बसून हे बघायचो आणि जीभ चावायचो. पण हळूहळू तिचे हात बदलत गेले. आधी ती ओढायची, दाबायची, चिडायची. मग तिला कळलं, की हनुवटीखालचं एक बोट जरा वर गेलं तर मान उठते, खांद्याजवळ नुसता तळवा टेकला तर पाय मागं सरतो. ती त्याचे चारी पाय असे लावायची, की त्याला पत्ताही लागायचा नाही. ढकलत तो शेवटपर्यंत नव्हता, पण उभा मात्र ऐटीत राहायचा. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला असं येतच नव्हतं.

ऑगस्ट आला. तिनं त्याची लोकर कातडीलगत भादरली, त्याला धुतलं, पुसलं, आणि आम्ही जत्रेला गेलो. मांसाच्या प्रतीच्या फेरीत बटाट्या सगळ्यात शेवटी आला. पंचानं त्याच्या पाठीला हात लावला आणि तोंड असं केलं, जणू चुकून ओल्या गादीत हात गेला.

दुसऱ्या दिवशी हाताळणीची फेरी. इथं कोकरू नव्हे, पोर बघतात. एकेक जण गळत गेला आणि शेवटी दोघं उरले. आमची सोल्वे आणि हाउगांचा कोल्टर. कोल्टर उंचापुरा, हसरा, चांगल्या घरचा पोरगा. त्याचं कोकरू म्हणजे ताकदीचा गोळा, पण बिचकं. कोल्टर त्याला नुसत्या बळावर धरून ठेवायचा.

पंच म्हणाला, "आता कोकरं बदला."

अरे देवा, म्हणालो मी मनात. डेल माझ्या शेजारी बसला होता, त्याचा पाय हलायचा थांबला.

कोल्टरनं बटाट्याची हनुवटी धरली, गुडघा लावला. बटाट्यानं वर पाहिलं. आणखी एक आई! त्यानं कोल्टरच्या शर्टाचं टोक पट्ट्यातून ओढून काढलं आणि डोळे मिटून चोखायला लागला. सगळी जत्रा हसली. कोल्टर लाल झाला, मग स्वतःच हसायला लागला. "ए, सोड ना रे बाबा," तो म्हणायचा, आणि शर्ट आणखी आत जायचा.

मी सोल्वेकडं बघत होतो. ते बिचकं कोकरू तिच्या हातात आलं तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. तिनं काहीच केलं नाही. नुसतं एक बोट हनुवटीखाली ठेवलं, दुसरा तळवा खांद्याला टेकवला आणि थांबली. सगळा उन्हाळा जे कोकरू जोर लावत नव्हतं त्याच्यावर ती राबली होती; आता जोर लावणारं हातात आलं. त्यानं श्वास सोडला, पाय रोवले आणि तिच्या गुडघ्यावर असं रेटलं, की खांबच. पंचानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवला.

"तुझ्या त्या कोकराला कुणी बिघडवलं?" त्यानं विचारलं.

"मीच, सर," ती म्हणाली. "टबात."

पहिलं बक्षीस तिला मिळालं. मी इतका ओरडलो, की खुब्यातलं लोखंड वाजलं असेल. डेलनं टाळ्या वाजवल्या, पण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ट्रक अजून बाकी आहे."

लिलाव उरकला आणि रविवारी सकाळी ट्रक मैदानामागं येऊन उभा राहिला. फळी टाकली, रांग लागली. पोरं रडत होती, बाप कोकरं ओढत होते. कोल्टरचं कोकरू चार जणांनी ढकलून वर घातलं आणि कोल्टर कुंपणाकडं तोंड करून उभा राहिला. टिप आमच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात बसला होता, मी हौद्याला टेकून, डेल माझ्या शेजारी.

सोल्वे आली. बटाट्याला ना दावं, ना दोरी. ती फळीवरून वर गेली, तो तिच्या मागं वर गेला. ती खाली आली, तो तिच्या मागं खाली आला.

ती पुन्हा वर गेली. तो वर. ती पटकन वळली. तो तिच्याआधी खाली येऊन उभा, शेपटी हलवत. ड्रायव्हर हसला, मग तिचा चेहरा पाहून पुढं आला. "दे पोरी, मी घेतो त्याला," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली.

तिनं आमच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. एक हाक, बस एक हाक, आणि मी खुबा मोडून गेलो असतो. जिभेच्या टोकावर दहा युक्त्या होत्या. मी टिपची मानगूट धरली आणि दात आवळले. शेजारी डेलनं दोन्ही हात खिशात कोंबले होते.

सोल्वेनं नाक पुसलं आणि तिसऱ्यांदा वर गेली. यावेळी आत, पार आत, कोल्टरच्या कोकरापाशी. ते कोपऱ्यात थरथरत होतं. तिनं त्याच्या हनुवटीखाली बोट ठेवलं, खांद्याला तळवा टेकवला. ते शांत झालं. मग तिनं बटाट्याला त्याच्या अंगाला लावून उभं केलं आणि त्या कोकराचा कान बटाट्याच्या तोंडात दिला.

बटाट्यानं डोळे मिटले आणि चोखायला लागला.

ती थोडा वेळ थांबली. मग एकेक हात काढून घेतला आणि फळीवरून खाली आली. मागून खुरं वाजली नाहीत. बटाट्यानं डोळेसुद्धा उघडले नव्हते. ड्रायव्हरनं दार लावलं, आणि आमची पोर तिथंच फळीशेजारी उकिडवी बसून हमसून हमसून रडली. रडू दे. अटीत रडायचं नाही असं कुठं होतं?

डेल हलेना. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, जवळ जाईल. पण आम्ही त्वेट, आम्हाला ते कुठलं जमायला. त्यानं दोनदा घसा खाकरला. सोल्वे डोळे पुसत आमच्याकडं यायला लागली. ती ऐकू येण्याइतकी जवळ आली, तसा तो पिकअपकडं वळला आणि माझ्या हातातून टिपची मान सोडवून स्वतःच्या हातात घेतली.

"टिप," तो म्हणाला. "हिला विचार लेका, पुढच्या मार्चच्या कोकरांसाठी मेंढ्यांत एडका कधी सोडायचा."