हरकत कुणाचीच नव्हती

मार्लिस एंगेब्रेटसनला कुणी ‘तुला काय हवंय?’ असं विचारलं, की ती ‘मला काहीही चालेल’ म्हणायची. आमच्या उत्तर मिनेसोटात सगळेच असं म्हणतात. चार माणसं जेवायला कुठे जायचं ते ठरवायला बसली, तर चौघंही उपाशी झोपतील, पण आपली आवड तोंडातून काढणार नाहीत. त्यात मार्लिस म्हणजे कळस.

ऑगस्टमध्ये तिच्या घरी ताम्ता नावाची सोळा वर्षांची मुलगी आली. जॉर्जियाची, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या त्या देशातली. शाळेचं एक वर्ष ती इथे राहून शिकणार होती. मार्लिस आणि तिचा नवरा ऑरिन यांना मूलबाळ नव्हतं. मार्लिसने वरच्या खोलीला पिवळा रंग दिला, नवी गोधडी शिवली आणि मनाशी पक्कं केलं, की या पोरीला कशाचाही जाच होऊ द्यायचा नाही.

ताम्ता भांडी घासायला उठली, की मार्लिस म्हणायची, “राहू दे गं, तू बस.” ताम्ताने खोलीचं दार लावलं, की खाली ऑरिनच्या टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि मार्लिस चवड्यांवर चालायची. पोर बास्केटबॉलच्या सामन्याहून उशिरा परतली, तर “मजा आली ना?” एवढंच. आपण जीव मुठीत धरून खिडकीशी उभ्या होतो, हे अवाक्षरानेही सांगायचं नाही. इतकं जपलं तिने पोरीला. कुणी सांगितलं होतं एवढं जपायला?

पोर मात्र दिवसेंदिवस मिटत चालली. जेवायला बसताना ‘थँक्यू’, उठताना ‘थँक्यू’, मधे सगळा शुकशुकाट. नाताळ उलटेपर्यंत मार्लिसची खात्री पटली, की हिला आपलं घर आवडलेलं नाही. आणि मार्लिसचा तर तिच्यावर केव्हाच जीव जडला होता.

जानेवारीत केंड्रा आली. परदेशी विद्यार्थ्यांना घरं मिळवून देणं आणि अधूनमधून येऊन त्यांची चौकशी करणं हे तिचं काम.

“ताम्ता फार गप्प असते असं शाळेत म्हणतात,” केंड्रा म्हणाली. “शेजारच्या गावात एक कुटुंब तयार आहे. तिच्याच वयाच्या दोन मुली आहेत त्यांच्याकडे. तिकडं पाठवू का तिला? तुम्हाला काय वाटतं?”

मार्लिसला ‘नको’ म्हणायचं होतं. तोंडाने मात्र ती म्हणाली, “आमचं काय गं एवढं? जशी तिची इच्छा.”

केंड्रा वर जाऊन ताम्ताशी बोलली आणि खाली येऊन म्हणाली, “तिचीही काही हरकत नाही.”

हरकत कुणाचीच नव्हती, म्हणून शनिवारी जायचं ठरलं.

“तू एकदा राहा म्हणून तर बघ तिला,” ऑरिन म्हणाला.

“आणि ती भिडेखातर राहिली म्हणजे?”

“मग राहू दे की भिडेखातर. आपल्याला कुठं वाईट वाटणार आहे?”

“काहीतरीच बोलतोस!” मार्लिस म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन खजुराच्या वड्या करायला लागली. रडायचं नसलं, की आमच्या बायका वड्या करतात.

शनिवारी हाडं गोठवणारी थंडी होती. ऑरिनने बॅग केंड्राच्या गाडीत नेऊन ठेवली. ताम्ताने दोघांशी हात मिळवला, “सगळ्याबद्दल थँक्यू,” म्हणाली आणि वड्यांचा डबा घेऊन बाहेर पडली. नुकतीच न्हालेली, केस ओले, डोकं उघडं, कोटही उघडाच.

“अगं ए बावळट!” मार्लिस दारातून किंचाळली. “ओल्या केसांनी कुठं निघालीस? कान गळून पडतील ना! डोकं आहे की खोकं? परत ये! टोपी घाल आधी!”

समोरचा शेजारी बर्फ उपसता उपसता थांबला. मार्लिसला असं ओरडताना गावात कुणी ऐकलं नव्हतं. तिचं तिलाच भान आलं. “सॉरी गं, चुकून तोंडातून...”

ताम्ता पायरीवर डबा कवटाळून हुंदके देत होती. “इतक्या महिन्यांत तुम्ही मला एकदासुद्धा ओरडला नाहीत!”

“का ओरडू? तू इतकी गुणाची पोर...”

“आमच्याकडे आजी उठल्यापासून ओरडते मला. आई ओरडते, शेजारीणसुद्धा ओरडते. फक्त पाहुण्यांना कुणी ओरडत नाही! काम करू लागले तर तुम्ही हातातून काढून घेता. मी खोलीत गेले की खाली सगळं चिडीचूप. मला वाटलं, मी नकोशी झालेय तुम्हाला.”

मार्लिस पायमोज्यांवरच बर्फात उतरली होती, याचा तिला पत्ता नव्हता.

केंड्राने गाडीची काच खाली केली. “मार्लिस, काय करायचं? नेऊ ना हिला?”

“जशी ति...” सवयीने मार्लिसच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“नाही, न्यायचं नाही,” ती म्हणाली. “मला विचारतेस ना? मला ही हवीय. माझ्या घरात, वरच्या खोलीत हवीय. जायचंच असेल तर जाऊ दे तिला, पण मी ढसाढसा रडेन, हे तिला कळलेलं बरं!” 

एवढं बोलल्यावर भर रस्त्यात स्कर्ट घसरावा तशी तिला लाज वाटली. पण शब्द तिने मागे घेतले नाहीत.

ताम्ताने बाहीने नाक पुसलं. “मग हे आधी का नाही बोललात?”

“तुला भीड पडली असती ना.”

“भीड!” ताम्ता खेकसली. “मी रोज रात्री रडत होते वर! आणि तुम्ही बर्फात मोज्यांवर काय उभ्या राहिलात? आजारी पडायचंय? चला, आत चला आधी!”

तिने मार्लिसचं मनगट पकडून तिला ओढतच दारापर्यंत नेलं. मार्लिस मुकाट्याने ओरडा खात होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.