पास झालेला फ्रिज

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने स्वतःच्या फ्रिजची फुशारकी मारू नये, असा कुठे नियम नाही. असता तर बरं झालं असतं. आमच्या मेकॅनिकने दोन वर्षं खपून एका जुन्या मालवाहू व्हॅनची कॅम्पर बनवली. छतावर सोलर पॅनेल, सीटखाली बॅटऱ्या, साठ लिटरची पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात स्वतः जोडलेला छोटा फ्रिज. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फ्रिज दाखवून त्याने नुसता वीट आणला होता.

पहिली सहल डोंगरावरच्या तलावाकाठी, आणि तीही ताईला घेऊनच, असं त्याने ठरवून टाकलं. ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. औषध थंड ठेवायचं कसं, या धास्तीने अकरा वर्षांत ती एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिली नव्हती.

"तिथे वीज नाही म्हणतोस. मग माझ्या बाटल्यांचं काय?" तिने विचारलं.

"फ्रिज हा माझा धंदा आहे, ताई. बाटल्यांची जबाबदारी माझी. तू फक्त गाडीत बस."

ताई बसली. तलावाकाठी गाड्या लावायला सपाट जागा होत्या, जरा वर चढून एक संडास होता, आणि बाकी काही म्हणजे काही नव्हतं. नळ नाही, फोनला रेंज नाही. औषधाचं दुकान खाली गावात, दोन तासांवर.

आता याची एक सवय. दुरुस्त झालेला फ्रिज गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तो बटण शेवटच्या आकड्यावर फिरवायचा आणि आत पाण्याची वाटी ठेवायचा. सकाळी वाटीचा दगड झाला की फ्रिज पास. वीस वर्षं हेच चाललं होतं. पोचल्या दिवशी बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या बघून त्याचे हात शिवशिवले. बटण फिरवलं, वाटी ठेवली आणि खुशाल झोपला.

सकाळी वाटी दगडासारखी झाली होती. तो स्वतःवरच इतका खूश झाला, की वाटीमागे ठेवलेल्या ताईच्या दोन बाटल्या त्याला जरा उशिराच दिसल्या. दोन्ही आतून पांढऱ्या. एकदा गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, हे ताईनेच त्याला निघताना तीनदा बजावलं होतं.

आणि मग त्याने काय करावं? बाटल्या मुठीत धरल्या, काखेत धरल्या, वितळवल्या, बटण मागे फिरवलं आणि परत जागच्या जागी ठेवून दिल्या. दिसायला तर पहिल्यासारख्याच दिसत होत्या. चालत असतील, असं त्याने मनाला बजावलं. हेच वाक्य एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटलं असतं, तर त्याने त्याला फाडून खाल्लं असतं. पण खरं सांगितलं तर लगेच डोंगर उतरावा लागणार, ताईचा हिरमोड होणार आणि आपलं नाक कापलं जाणार. त्याने चहा टाकला.

ताईने त्याच्यासमोर बसून सुई टोचून घेतली. तो चहाचा कप धरून उभा होता.

दिवसभर ताई तलावात पाय सोडून बसली. "अरे, मी शाळेतून पळून आल्यासारखं वाटतंय मला!" ती म्हणाली. तो हसला, पण ते हसू त्याला स्वतःलाच लागलं. संध्याकाळी तिने परत टोचून घेतलं. दुसऱ्या सकाळी परत. प्रत्येक वेळी तो कुठल्यातरी कामाला उठायला बघायचा आणि उठायचा नाही.

दुपारपर्यंत ताईचा चेहरा उतरला. सारखी तहान, सारख्या त्या चढावरून संडासाच्या फेऱ्या. सातव्यांदा तांब्या भरताना ती ओशाळून म्हणाली, "अर्धी टाकी मीच संपवली रे. उगाच आणलंस मला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने बोट टोचून यंत्रात साखर बघितली. चारशे अठरा. "काल दोन बिस्किटं खाल्ली ना, त्याची ही शिक्षा. थोडं जास्तीचं टोचते," असं म्हणून तिने सुई भरायला घेतली.

"ताई, थांब."

त्याने सगळं सांगितलं. वाटी, बटण, काख, सगळं.

"कधी गोठलं?"

"काल सकाळी."

"म्हणजे तीनदा टोचून घेतलं मी. तेव्हा तू कुठे होतास?"

"समोरच."

ताईने भरलेली सुई खाली ठेवली आणि चपला शोधायला लागली.

गावातल्या डॉक्टरने तिला चार तास ठेवून घेतलं. साखर खाली आली, चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. दुकानदाराने नव्या बाटल्या थंड पिशवीत घालून दिल्या. ताई म्हणाली, "चल वर. अजून एक दिवस आहे ना आपला?"

एक शब्दही रागाचा नाही! त्याला रडूच आलं. गाडीपाशी येताच त्याने घाईघाईने फ्रिज उघडला, बटण पहिल्या आकड्यावर असल्याचं दोनदा तपासलं आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली. प्रवासात शेजारच्या अनोळखी माणसाने सामान धरू का विचारलं, तर त्याला म्हणतात तसं, अगदी गोड आवाजात. "माझ्याजवळच ठेवते."

मग ती पुढच्या सीटवर बसली आणि घाट चढेपर्यंत तिने ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.