शंभर किलो, बरोब्बर

आमचे हे शंभर किलोंचे होते. अंदाजे नाही, बरोब्बर. लग्नात शंभर, लेक झाली तेव्हा शंभर, टायफॉइडमधून उठले तेव्हाही शंभरच. माणसं बढाया मारायला पगार सांगतात, घर सांगतात. आमच्याकडे सांगण्यासारखं हे एवढंच होतं, पण त्यावर दोन घरं चालत होती.

धाकट्या दिरांचा वजनकाटे दुरुस्तीचा धंदा. किराणावाल्यांचे छोटे काटे नव्हे. गोदामं, शाळा, दवाखाने, व्यायामशाळा, जिथे माणूस नाहीतर पोतं चढवायचं असतं ते मोठे काटे. दुरुस्त झालेला काटा खरं बोलतोय का हे बघायला शंभर किलोंची लोखंडी वजनं लागतात. ती दिरांकडे होती, कड्या लावलेली. पण ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचं म्हटलं की हमाल तोंड फिरवायचे. एक दिवस दीर म्हणाले, "दादा, तू शंभर आहेस ना? मग तूच चल."

तेव्हापासून लोखंडी वजनं दिरांच्या कारखान्याचं दार उघडं ठेवायच्या कामाला लागली आणि आमचे हे कामाला लागले. स्वतःच्या पायांनी जिना चढणारं वजन अजून कुठल्या कारखान्यात निघालेलं नाही, असं दीर गिऱ्हाइकांना सांगायचे. हे बूट काढून काट्यावर चढायचे, हात सरळ, नजर समोर, श्वास रोखून. दीर खाली बसून काटा शंभरावर येईपर्यंत स्क्रू पिळायचे आणि ओरडायचे, "बरोब्बर!" मग दोघांना चहा. भावजींकडे डोकं आणि यांच्याकडे वजन, अशी कामाची वाटणी होती. रस्त्यात लोक यांना 'शंभरदादा' म्हणून हाक मारायचे, आणि गावात यांच्या शब्दालाही त्यामुळे वजन होतं. मी काही बोलले की कोणी ऐकायचं नाही. तेच यांनी सांगितलं की माना डोलायच्या.

मी स्वतः काट्यावर कधी चढले नाही. घरात एक मोजलेला माणूस पुरे होता.

मग यांना धाप लागायला लागली. सर्जननी तपासून सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल. "पण आधी ऐंशीच्या आत या. शंभरावर मी यांना टेबलावर घेणार नाही. आणि लवकर या, ही झडप फार दिवस थांबणारी नाही."

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात झडपेशिवाय काही नव्हतं. यांना मात्र झडपेचं काहीच नव्हतं.

"ऐंशी?" हे म्हणाले. "अगं, ऐंशीचं वजन घेऊन कुणाचा काटा तपासणार?"

"खड्ड्यात गेले काटे," मी म्हटलं. "मला तुम्ही जिवंत हवे आहात."

कोणीतरी वजन उतरवणाऱ्यांचं एक मंडळ सुचवलं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत जमायचे. मंडळाचं नाव 'हलकं कुटुंब'. मी म्हटलं, आमचं कुटुंब चांगलं खानदानी आहे, पण यांना नेलं. मंडळ चालवणाऱ्या निवृत्त नर्स होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशींचा सगळा भर टाळ्यांवर. एक किलो उतरला, टाळ्या. अर्धा उतरला, टाळ्या. काहीच नाही उतरलं तर, "घसरला नाहीत हे काय कमी आहे?" म्हणून जास्त टाळ्या. शिवाय एक शिंपी होता, एक दंतवैद्यबाई होत्या आणि गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर होते, त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, कारण एवढा एकच शब्द ते दिवसभर ओरडत असत.

माणसं सोन्यासारखी, खोटं कशाला बोलू? पण सल्ले म्हणजे डोक्याला ताप. आरशासमोर बसून जेवा. डाव्या हाताने जेवा. निळ्या ताटात जेवा, निळ्यात भूक मरते. ब्रेकमास्तरांचा सल्ला होता की प्रत्येक घासाआधी मागे बघायचं. आमचे हे आज्ञाधारक. निळं ताट, डावा हात, समोर आरसा, आणि दर घासाला मान वळवून मागे. मी वाढायला उभी राहिले की मलाच चोर असल्यासारखं वाटायचं. जेवणाच्या वेळेला फोन यायचा, मंडळातलं कोणीतरी पलीकडून "थांबा! पोट भरलंय का विचारा त्याला!" म्हणायचं, आणि हे पोटाकडे बघून खरंच विचारायचे.

अर्धं ताट तसंच राहायचं. ते मी खायची. अन्न टाकवत नाही म्हणून खायची, आणि काळजीनेही खायची. काळजी लागली की काही जणींची भूक जाते. माझी येते.

मंडळाचा काटा जुना, कुरकुरणारा. भाऊ सभासद झाला म्हणून दिरांनी तो फुकट दुरुस्त करून दिला. यांना वर उभं केलं. काटा पंच्याण्णववर.

"बघ दादा, केवढा बिघडलाय!" दीर म्हणाले, आणि स्क्रू पिळून त्यांनी काटा शंभरावर आणला. "बरोब्बर!"

मावशींनी टाळ्या वाजवल्या.

इथून जे सुरू झालं त्याला माझ्याकडे नाव नाही. त्या दिवसांत दिरांच्या हाताखालून जो काटा गेला तो बिघडलेलाच निघाला. गोदामाचा बिघडलेला, शाळेचा बिघडलेला, सर्जनच्या दवाखान्याचा नुसतं तेल घालायला बोलावलं होतं तर तोही बिघडलेला. धंदा असा कधी चालला नव्हता. दीर म्हणायचे, "हल्ली मालच हलका येतो, वहिनी. महिन्याभरात परत खाली उतरतो." आणि परत स्क्रू, परत बरोब्बर.

इकडे मंडळात सगळ्यांची वजनं चढायला लागली. दंतवैद्यबाईंनी रात्रीचं जेवण सोडलं, वजन चढलं. ब्रेकमास्तरांनी सकाळचंही सोडलं, आणखी चढलं. मावशींनी सगळ्यांना जवळ घेतलं आणि सांगितलं, "खचायचं नाही. आपण सगळे एकत्र फुगतोय." व्यायामशाळेतले मुष्टियोद्धे वजन वाढलं म्हणून वरच्या गटात खेळायला गेले आणि सुजलेली तोंडं घेऊन परत आले. शाळेत मात्र मुलं गुटगुटीत झाली म्हणून हेडबाईंचा सत्कार झाला.

सगळ्यात हाल शिंप्याचे. मंडळात जो तो त्याच्याकडे कपडे घेऊन येई, कमरेत आवळून द्या म्हणून. तो आवळून देई आणि स्वतःचेही आवळी. "मला कळेनासं झालंय," तो मला म्हणाला, "माणसं जाडी होतायत आणि कपडे त्यांच्यापेक्षा जास्त जाडे होतायत. माझा हात गेला, दुसरं काही नाही." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी काही काटेवाली नाही, पण मला डोळे आहेत. यांची पँट पट्ट्यावर राहत नव्हती, पट्टा कमरेवर राहत नव्हता. झोपताना यांच्या बाजूला पलंग बसायचा तो बसेना. उलट माझ्या बाजूला हे घरंगळून यायचे.

"अहो, तुम्ही वाळलायत," मी म्हटलं. "निम्मे राहिलायत."

"काल दवाखान्यातच चढलो," हे म्हणाले. "शंभर. तुला काट्यापेक्षा जास्त कळतं?"

पण नंतर मी बघितलं, हे खिडकीशी बसून एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताचं मनगट धरत होते. बोटं एकमेकांना लागून वर उरत होती. हे पुन्हा पुन्हा धरून बघत होते आणि मी बघतेय म्हटल्यावर बाही खाली ओढली. त्यांना कळलं होतं. आणि त्यांना भीती वाटत होती, झडपेची नव्हे, दुसरीच. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी दोघांच्या वाटणीचे बटाटे एकटीने खाल्ले.

धाप वाढत गेली. जिना चढताना मधे बसायला लागायचं. शेवटी सर्जनकडे गेलो तेव्हा सगळं मंडळ धीर द्यायला बरोबर आलं, दीरही आले. खोलीत दाटी झाली, पण फारशी नाही. सगळे काड्या झाले होते.

हे काट्यावर चढले. हात सरळ, नजर समोर. श्वास रोखायचा प्रयत्न केला, तो काही रोखला गेला नाही.

"शंभर," सर्जन म्हणाले. "काहीच फरक नाही. महिन्याने या."

"बरोब्बर," दीर सवयीने म्हणाले. मावशींचे हात टाळीसाठी वर गेले.

यांचे ओठ निळे पडले होते. आमच्या ताटासारखे. महिन्याने कोण येणार होतं? माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी पुढे झाले, यांना काखेखाली धरलं, उशी उचलावी तसं उचललं आणि सर्जनच्या टेबलावर, त्यांच्या कागदांच्या मधोमध बसवलं.

"घेतलं टेबलावर," मी म्हटलं. "आता तुम्ही घ्या."

सर्जन घाबरून म्हणाले, "बाई, शंभर किलो! पाठीला जपा!" आणि मावशींनी टाळ्या सुरू केल्या, माझ्या ताकदीसाठी. ब्रेकमास्तर म्हणाले, "ब्रेक! ब्रेक! वहिनींना बसू द्या!" दंतवैद्यबाईंनी मला पाणी दिलं. माझ्या हाताखाली माझा नवरा कापसासारखा झालाय हे त्या खोलीत कोणालाच दिसेना, कारण काट्यावर शंभर होते.

मी यांच्याकडे वळले. "अहो, माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात. सांगा त्यांना."

हे टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसले होते. काट्याकडे बघितलं, मग धाकट्या भावाकडे.

"सांगितलं तर मी कोण राहीन गं?" हे म्हणाले, हळूच, फक्त मला.

"माझे," मी म्हटलं. लाज सोडून, सगळ्यांच्या समोर.

हे टेबलाची कड धरून सरळ बसले. मग मोठ्याने म्हणाले, "या काट्याला शंभर मी शिकवलंय. सगळ्याच काट्यांना. मी जेवढा असेन तेवढ्याला ते शंभर म्हणतात. मी शंभर नाही. कितीतरी दिवस नाही."

"दादा, असं बोलू नकोस!" दीर ओरडले. देवळात कोणी देवाला नावं ठेवावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण माणूस प्रामाणिक. कारखान्यात गेले आणि दारात लावलेली लोखंडी वजनं हमालांच्या पाया पडून वर घेऊन आले. वजनं काट्यावर चढली. काटा एकशे पस्तीसवर जाऊन थांबला.

"लोखंड फुगलंय," दीर म्हणाले.

दीर खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्क्रू उलटा पिळला. लोखंड शंभरावर आलं. मग आम्ही यांना चढवलं. चौऱ्याहत्तर.

शिंपी मटकन खाली बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागला. "माझा हात शाबूत आहे," तो म्हणाला आणि रडायला लागला. ब्रेकमास्तरांनी सर्जनच्या टेबलावरचं बिस्किट उचललं, मागे न बघता तोंडात टाकलं. मावशी टाळ्या वाजवत होत्या, कोणासाठी ते त्यांनाही माहीत नसावं, पण थांबत नव्हत्या. सर्जन एवढंच म्हणाले, "उपाशी ठेवा यांना. उद्या सकाळी घेतो."

"उपाशीच आहेत," मी म्हटलं.

झडप बदलली. हे घरी आले, गालांवर लाली आली, जिना न थांबता चढायला लागले. मी निळं ताट भंगारात दिलं. सगळं ठीक झालं, आणि हे खिडकीशी बसायला लागले. रस्त्यातून कोणी "शंभरदादा" म्हटलं की मागे सरकायचे. दीर बिचारे एकेक काटा सुधारत गावभर फिरत होते, लोखंड घेऊन, हमालांच्या शिव्या खात.

"एवढे सव्वीस किलो," एकदा हे म्हणाले, "जातात कुठे गं? काहीतरी असतं ते. नाहीसं कसं होतं?"

मला बघवेना. दुपारी यांना जबरदस्तीने कारखान्यात घेऊन गेले. दीर एका गोदामाच्या काट्यापुढे डोकं धरून बसले होते. चौथा मजला, हमाल येत नव्हते.

"लोखंडाने तपासून घेतलाय का हा?" मी विचारलं.

"घेतलाय, वहिनी. आता काटा खरा आहे, पण वर नेऊन बसवला की तिथे परत तपासायला लागतो, त्याला नेऊ काय?"

मी चपला काढल्या. इतकी वर्षं जे टाळलं ते केलं. वर चढले, हात सरळ, नजर समोर. एवढं बघून बघून पाठ झालेलं होतंच. काटा सरकत गेला, थोडा हलला, आणि थांबला.

दीर वाकून बघत राहिले. हे जवळ आले, काट्याला नाक लावून बघितलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सगळी उरलेली ताटं, सगळे बटाटे, सगळी काळजी.

"बरोब्बर," हे म्हणाले. "म्हणजे हरवले नव्हते तर. घरातच होते."